चार गिगाहर्ट्झचा उंबरठा: तापणाऱ्या प्रोसेसरचा इतिहास

१/
मे महिन्याची दुपार. एखाद्या खेळाच्या ऐन मध्यात किंवा व्हिडिओ तयार होत असताना टेबलावरचा संगणक एकाएकी बंद पडतो. कोणतीही सूचना नाही, निळा पडदा नाही, फक्त काळोख. दहा मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो, जणू काही घडलेच नाही. दुरुस्ती करणारा म्हणतो, ‘प्रोसेसर तापतोय, पेस्ट बदलायला हवी.’ बहुतेक वेळा त्याचे निदान बरोबरही असते. पण त्यापूर्वीचा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: तापलेला प्रोसेसर बंद का पडला? जळून का गेला नाही?

२/
पंचवीस वर्षांपूर्वी तो जळून जाऊ शकत होता. तापल्यावर मंदावणे आणि वेळ आली तर स्वतःला बंद करणे, ही शहाणीव डेस्कटॉप संगणकाला जन्मजात मिळालेली नाही. ती त्याला एका विशिष्ट काळात, विशिष्ट कारणांनी आणि बऱ्याच नामुष्कीनंतर मिळाली. आजचा थ्रेड त्या काळाविषयी आहे. मुख्य भर २००० ते २००६ या सहा-सात वर्षांवर राहील. मात्र पार्श्वभूमीसाठी थोडे मागे जावे लागेल.

३/
आधी एक मूलभूत गोष्ट. पंखा विजेतून वारा निर्माण करतो, दिवा प्रकाश देतो. प्रोसेसर मात्र केवळ गणित करतो आणि गणिताला वजन नसते. त्यामुळे त्याने घेतलेली जवळपास सगळी वीज अखेरीस उष्णता होऊनच बाहेर पडते. शंभर वॅट घेणारा प्रोसेसर म्हणजे, उष्णतेच्या दृष्टीने, शंभर वॅटची शेगडीच. ही शेगडी बोटाच्या नखाएवढ्या जागेत बसवलेली असते, एवढाच काय तो फरक.

४/
ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आलेला ‘एनिॲक’ हा सुमारे १८ हजार निर्वात नलिकांचा डोलारा होता. तो साधारण १५० किलोवॅट वीज घेई. त्याच्या कपाटांमधून पंख्यांनी सतत हवा खेळवली जाई आणि एखादे कपाट मर्यादेपलीकडे तापले, तर वीज तोडणारे तापनियंत्रकही बसवलेले होते. म्हणजे ‘तापलास तर थांब’ ही कल्पना पहिल्या पिढीच्या यंत्रातच होती. पुढे ती लहान संगणकांपर्यंत पोहोचायला अर्धे शतक का लागले, ही खरी उत्सुकतेची बाब आहे.

५/
एनिॲकचे अभियंते प्रेस्पर एकर्ट यांनी आणखी एक शहाणपणा केला होता. नलिका त्यांच्या कमाल क्षमतेच्या बऱ्याच खाली चालवायच्या, म्हणजे त्या दीर्घकाळ टिकतात, हा त्यांचा दंडक होता. नलिका बहुधा सुरू होताना किंवा थंड होतानाच दगावतात, हे ध्यानात आल्यावर यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही, असेही ठरले. आज कुणी प्रोसेसरचा व्होल्टेज किंचित उतरवून त्याचे तापमान खाली आणतो, तेव्हा तो नकळत एकर्ट यांचाच धडा गिरवत असतो.

६/
आपल्याकडचा संदर्भही नोंदवायला हवा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्णत्वास गेलेला आणि १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेला संगणक सुमारे २,७०० निर्वात नलिकांवर चाले. मुंबईच्या दमट हवेत अडीच-पावणेतीन हजार तापलेल्या नलिका सांभाळायच्या म्हणजे काय, याची कल्पना कुलाब्याचा उन्हाळा अनुभवलेल्यांना चटकन येईल.

७/
मोठ्या यंत्रांच्या जगात तर उष्णतेने संगणकाचा आकारही ठरवला. सीमोर क्रे यांच्या १९७६ च्या ‘क्रे-१’ मध्ये फ्रिऑन खेळवून थंडावा दिला जाई. सुमारे ११५ किलोवॅट रिचवणाऱ्या त्या यंत्राच्या पायाशी जी गादीची बैठक दिसते, तिच्याखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा दडलेली होती. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर सर्किटे थेट वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली असत. या यंत्रांचे खरे कारागीर गणिती कमी आणि नळकाम करणारे अधिक, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

८/
आता डेस्कटॉपकडे वळू. १९८१ चा आयबीएम पीसी उघडला, तर त्यातील ८०८८ हा प्रोसेसर अगदी उघडा बसलेला दिसतो. वर धातूची पट्टी नाही, पंखा नाही. पेटीत असलेला एकमेव पंखा वीजपुरवठ्याच्या डब्यात. पुढे ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांवर हीटसिंक दिसू लागले आणि १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा ही नित्याची गोष्ट झाली. दहा-बारा वर्षांत ‘काहीच नको’पासून ‘पंख्याविना चालणार नाही’पर्यंतचा हा प्रवास झाला.

९/
हा प्रवास याहून जलद का झाला नाही, याचे उत्तर १९७४ च्या एका शोधनिबंधात आहे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर जितका लहान कराल, तितक्याच प्रमाणात त्याचा व्होल्टेजही उतरवता येतो. त्यामुळे त्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर, तेही अधिक वेगाने चालवले, तरी प्रत्येक चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. उद्योगाला जणू निसर्गाने दिलेली ही सवलत होती. तीस वर्षे ती लागू राहिली आणि तिची इतकी सवय जडली, की ती सवलत आहे याचाच विसर पडला.

१०/
विसर सगळ्यांना पडला नव्हता. गॉर्डन मूर यांनी १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात, एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर हजारो घटक बसवले तर त्यांची उष्णता बाहेर काढता येईल का, हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला होता. पुढे ‘मूरचा नियम’ सर्वतोमुखी झाला. मूरचा हा प्रश्न मात्र लेखातच राहिला. इतिहासात हे वारंवार घडते: भाकीत लक्षात राहते, त्याखालची तळटीप पुसली जाते.

११/
१९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाची किंमत एकाच आकड्यावर ठरू लागली: मेगाहर्ट्झ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा अन्यत्र, ग्राहक विचारायचा तो ‘किती मेगाहर्ट्झ?’ एवढेच. मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांनी इंटेलने आपला पेंटियम ३ पुढे केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला. त्याची रचनाच मुळी या आकड्यासाठी केलेली होती. कामाचे अनेक बारीक टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्पा क्षणार्धात उरकायचा आणि ठोके भराभर वाढवायचे. ही रचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, अशी इंटेलची अपेक्षा होती.

१२/
येथे एक ढोबळ हिशेब करून पाहा. २००१ चा १.४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन सुमारे ७२ वॅट घेई आणि त्याच्या सिलिकॉनचे क्षेत्रफळ होते सुमारे १.२ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६० वॅट. घरातील हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथे हे प्रमाण अवघे ५ वॅट भरते. इस्त्रीच्या बारा पट घनतेची ही उष्णता केवळ ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्याच्या आणि छोट्या पंख्याच्या भरवशावर होती.

१३/
आणि हा भरवसा किती ठिसूळ होता, ते सप्टेंबर २००१ मध्ये जगाने पाहिले. व्यवसायाने डॉक्टर असलेले जर्मनीचे थॉमस पाब्स्ट यांनी स्थापन केलेल्या ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक प्रयोग चित्रित केला. चार संगणकांवर एक खेळ चालू ठेवायचा आणि चालू स्थितीतच प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून घ्यायचा. पेंटियम ४ मंदावला, खेळ अडखळला, पण चालत राहिला. हीटसिंक परत ठेवताच वेगही परतला. पेंटियम ३ गोठला, पण वाचला. एएमडीच्या दोन्ही प्रोसेसरांमधून मात्र काही क्षणांतच धूर निघाला आणि ते कायमचे गेले.

१४/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या साधनाकडे जरा चिकित्सेने पाहायला हवे. हीटसिंक चालू संगणकावरून सहसा आपोआप निखळत नाही. वाहतुकीत आकडा सुटणे शक्य असते, पण पंखा बंद पडणे हा त्याहून कितीतरी अधिक संभवणारा अपघात, आणि पंखा बंद पडल्यावर तापमान सावकाश चढते. प्रयोग नाट्यमय होता, नेहमीच्या वापराचे प्रतिनिधित्व करणारा नव्हता. तरीही त्याने दाखवलेला फरक खरा होता. पेंटियम ४ च्या सिलिकॉनमध्येच तापमान मोजणारी आणि मर्यादा ओलांडताच घड्याळाचे ठोके मधूनमधून गाळणारी यंत्रणा होती. त्या ॲथलॉनचा जीव मदरबोर्डच्या तत्परतेवर अवलंबून होता, आणि मदरबोर्ड तेवढा तत्पर नव्हता.

१५/
गंमत अशी, की पेंटियम ४ मधील ही व्यवस्था सुरुवातीला अनेकांना फसवणूक वाटली. ‘पैसे दोन गिगाहर्ट्झचे घेता आणि तापल्यावर कमी वेग देता?’ अशी ती तक्रार. त्या चित्रफितीनंतर वादाचा सूर पालटला. पुढील काही वर्षांत तापल्यावर मंदावणे आणि अखेर वीज तोडणे, हे सर्वच डेस्कटॉप प्रोसेसरांचे गृहीत वर्तन झाले. पहिल्या परिच्छेदातील संगणक काळोखात गेला आणि दहा मिनिटांनी परतला, त्याचे मूळ येथे आहे.

१६/
पण इंटेलचा खरा कसोटीचा काळ पुढेच होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका परिषदेत इंटेलचेच पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला होता, की आहे ती चाल कायम राहिली तर काही वर्षांत चिपमधील उष्णतेची घनता अणुभट्टीच्या आणि मग रॉकेटच्या नळकांड्याच्या पंक्तीला जाऊन बसेल. इशारा घरातलाच होता. घराने तो ऐकला, मान डोलावली आणि वेग वाढवणे चालू ठेवले.

१७/
फेब्रुवारी २००४. ‘प्रेस्कॉट’ या सांकेतिक नावाचा नवा पेंटियम ४ आला. ट्रान्झिस्टर १३० नॅनोमीटरवरून ९० नॅनोमीटरवर आले होते. डेनार्ड यांच्या सूत्रानुसार तो अधिक थंड असायला हवा होता. झाले उलटेच. ३.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या चिपसाठी ८९ वॅटची उष्णता गृहीत होती, तर त्याच वेगाच्या प्रेस्कॉटसाठी १०३ वॅटची.

१८/
कारण होते गळती. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची तोटी. तोटी पुरेशी जाड असते तेव्हा ती बंद केली की प्रवाह थांबतो. ती काही अणूंच्या जाडीवर आली, की बंद असतानाही ठिबकत राहते. असे कोट्यवधी ठिबके एकत्र आले, की काहीही काम न करता वीज खर्च होते आणि चिप तापते. तापली की गळती आणखी वाढते, हे दुष्टचक्र वेगळेच. गळती रोखायची तर व्होल्टेज आणखी उतरवता येत नाही, आणि व्होल्टेज उतरला नाही तर डेनार्ड यांची सवलत संपली. भिंत कुणी बांधली नव्हती. ती तिथे होतीच, आपण तिच्यापर्यंत पोहोचलो एवढेच.

१९/
पुढचे सगळे झपाट्याने घडले. मे २००४ मध्ये इंटेलने प्रेस्कॉटचा नियोजित वारस ‘तेहास’ रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ मागे घेतला. त्याच महिन्यात ऑर्लँडो येथील एका सभेत मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग बॅरेट यांनी हजारोंच्या उपस्थितीत व्यासपीठावर, थट्टेच्या स्वरात का होईना, गुडघे टेकून क्षमा मागितली. पेंटियम ४ ची घोडदौड ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. केवळ २०० मेगाहर्ट्झ कमी पडले. पण ज्या आकड्यावर सारा व्यापार उभा केला होता, तोच आकडा आता पुढे सरकत नव्हता.

२०/
ही एकट्या इंटेलची कहाणी नव्हती. २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा जी५ संगणक देण्याचा शब्द दिला होता. तो पाळता आला नाही. २००४ च्या सर्वांत वेगवान पॉवर मॅकमध्ये तर द्रव खेळवून प्रोसेसर थंड करावा लागला. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा कारण म्हणून पुढे केलेले माप मेगाहर्ट्झचे नव्हते. प्रत्येक वॅटमागे किती काम, हे ते नवे माप होते.

२१/
या काळाची एक खूण आजही दुरुस्तीच्या दुकानात सापडते. २००४ मध्ये इंटेलचे नवे ‘सॉकेट ७७५’ आले आणि त्यासोबत पंखा बसवण्याची नवी पद्धत: चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार खुंट्या, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायच्या. उत्पादकाला ही सोय होती. वापरणाऱ्याला मात्र चारपैकी एखादी खुंटी अर्धवट बसलेली कळतच नसे. हीटसिंक एका बाजूने केसभर उचललेला राही आणि नवाकोरा संगणक पहिल्याच दिवशी तापू लागे. इंटेलने पेटीचीच रचना बदलून हवा थेट प्रोसेसरवरून वाहवण्याचा ‘बीटीएक्स’ हा मार्गही याच सुमारास काढला होता. २००६ मध्ये तो सोडून दिला. खुंट्या मात्र टिकल्या.

२२/
सुटका आली ती अनपेक्षित दिशेने. इस्रायलमधील हैफा येथील इंटेलचा गट लॅपटॉपसाठी चिप घडवत होता. बॅटरी मर्यादित, जागा मर्यादित, त्यामुळे काटकसर हाच त्यांचा धर्म. २००३ च्या त्यांच्या ‘पेंटियम एम’ची वंशावळ पुढे जुलै २००६ च्या ‘कोअर २ ड्युओ’पर्यंत गेली. २.४ गिगाहर्ट्झचा, दोन गाभ्यांचा आणि ६५ वॅटसाठी आखलेला हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला सहज मागे टाकी. आज आपण सहा, आठ, सोळा गाभ्यांचे जे प्रोसेसर घेतो, ते संख्या वाढवण्याच्या हौसेतून जन्मलेले नाहीत. एका गाभ्याला आणखी पळवले तर तो तापतो, म्हणून कामाची वाटणी करावी लागली.

२३/
आता हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून टेबलावरचा तापलेला संगणक तपासू. पहिले साधन म्हणजे मोजमाप. प्रोसेसरच्या पोटातील तापमापक काय सांगतो, ते बायोसमध्ये किंवा तापमान दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये पाहावे. एका आकड्याने भागत नाही. आकडा कसा चढतो, ते महत्त्वाचे. काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत तापमान मर्यादेला भिडले, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. खुंटी सुटलेली, पेस्ट वाळलेली, किंवा नव्या हीटसिंकच्या तळावरचे पारदर्शक प्लास्टिक काढायचेच राहिलेले (हसू नका, हे फार वेळा घडते).

२४/
तापमान दहा-वीस मिनिटांत सावकाश चढत गेले, तर संपर्क ठीक आहे, हवा अडते आहे. येथे बहुतेक जण फसतात. पंख्याची पाती पुसून समाधान मानले जाते, पण धुळीची खरी गोधडी पंख्याखाली, हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी साचलेली असते. पंखा काढल्याशिवाय ती दिसत नाही. हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो बेफाम फिरून खराब होत नाही. संगणक रिकामा असतानाही तापमान चढेच असेल, तर पंखा खरोखर फिरतो आहे ना ते पाहावे आणि पडद्यामागे एखादा प्रोग्रॅम गुपचूप प्रोसेसर राबवतो आहे का, हेही तपासावे.

२५/
पेस्टविषयी थोडे. तिचे काम उष्णता शोषण्याचे नाही. दोन धातूंच्या पृष्ठभागांतील सूक्ष्म खड्ड्यांत हवा अडकते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक असते. ती हवा हटवणे एवढेच पेस्टचे काम. म्हणून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी आणि हीटसिंक समोरासमोरच्या कोपऱ्यांनी आळीपाळीने आवळावा. थापून लावलेल्या पेस्टचा जाड थर अडसरच ठरतो.

२६/
आणि खोली. हवेने थंड होणारा कोणताही हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंश, एवढेच त्याच्या हाती असते. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७० वर स्थिरावणारा संगणक नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या खोलीत, त्याच कामासाठी साधारण ९२ गाठणार. यंत्रात काहीही बिघडलेले नसते. थंड देशांत लिहिलेल्या मार्गदर्शिका वाचून आपल्याकडचे अनेक जण याच फरकापायी नाहक पेस्ट बदलत बसतात.

२७/
आकड्यांचा अर्थही काळागणिक बदलतो. २००१ मध्ये ९५ अंश म्हणजे धोक्याची घंटा. २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७००० आणला, तेव्हा त्या मालिकेतील वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच स्थिरावतील अशीच त्यांची रचना असल्याचे कंपनीने सांगितले. एकेकाळी मंदावणे ही शेवटची बचावफळी होती. आता प्रोसेसर क्षणाक्षणाला तापमान, वीज आणि वेग यांची सांगड घालत मर्यादेच्या कडेनेच चालतो.

२८/
मात्र तापमापक सगळे सांगतो, असेही नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर कारण नसताना बंद पडू लागले, तेव्हा अनेकांनी आधी थंडाव्यालाच दोष दिला. मोठे हीटसिंक घेतले, पेस्ट बदलली. २०२४ च्या जुलैमध्ये इंटेलने सांगितले, की मायक्रोकोडमधील दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवण्यात आला. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते, त्यांना ती दुरुस्ती पूर्ववत करू शकली नाही. ते बदलूनच घ्यावे लागले.